भूक रोजची, पगार महिन्याचा

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ साली एक किचकट काम अंगावर घेतलं. शहरातल्या जवळजवळ अडीच हजार कामगार कुटुंबांचे आणि सहाशे एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे घरखर्चाचे हिशेब गोळा केले. तांदूळ किती, ज्वारी-बाजरी किती, डाळ किती, तेल-मीठ-मिरची किती, खोलीचं भाडं किती आणि डोक्यावर कर्ज किती. जी. फिंडले शिरास यांच्या नावाने हा अहवाल १९२३ साली छापून आला. त्यात एक वाक्यभर निष्कर्ष आहे. दुष्काळी कामांवरच्या मजुराला जास्तीत जास्त जेवढं धान्य द्यावं असं सरकारच्या दुष्काळ संहितेत लिहिलं होतं, तेवढं धान्य मुंबईतला कामगार खात होता. मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला नेमून दिलेल्या आहारापेक्षा मात्र त्याचं खाणं कमी होतं.

म्हणजे चोरी करून आत गेलेल्या माणसाचं पोट गिरणीत राबणाऱ्यापेक्षा जास्त भरत होतं! आणि ही नोंद कुणा चळवळ्या पुढाऱ्याची नव्हे, खुद्द सरकारची.

या कुटुंबांच्या खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा खाण्यावरच जात होता. मुंबईत धान्याचा तुटवडा होता म्हणावं, तर तसंही नाही. ब्रह्मदेशचा तांदूळ बोटीने बंदरात येत होता, देशावरची ज्वारी-बाजरी रेल्वेने येत होती आणि मशिदबंदरची गोदामं भरलेली होती. मग हातातोंडाची गाठ का पडत नव्हती? पगार कमी होता, हे उत्तर खरं आहे, पण ते अर्धंच. पगार किती होता याच्याइतकाच तो कधी मिळत होता हा प्रश्न मोठा होता, आणि मुंबईच्या अन्नाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या ‘कधी’भोवती फिरत आला आहे. त्याकडे लक्ष मात्र फार थोड्यांनी दिलं.

गिरण्यांचा पगार महिन्याचा. तोही महिना संपल्यावर लगेच हातात पडत नसे. जानेवारीचा पगार फेब्रुवारीच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमाराला वाटला जाई. रत्नागिरीहून बोटीने किंवा साताऱ्याहून गाडीने आलेला जवान गडी एक तारखेला साच्यावर उभा राहिला, तर पहिले पैसे बघायला त्याला सहा आठवडे लागायचे. हे सहा आठवडे त्याने काय खायचं? गावाहून आणलेलं पोह्याचं नाहीतर तांदळाचं गाठोडं आठवडाभर पुरे. पुढे गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकायला जागा मिळे आणि पोटासाठी उधारी सुरू होई. थोडक्यात, मुंबईत कामगाराच्या आयुष्याची सुरुवातच कर्जाने व्हायची. बदली कामगाराची गत याहून वाईट. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, मुकादमाने आत घेतलं तर रोज पडला, नाहीतर परत.

अहमदाबादच्या गिरण्यांत त्या काळी पंधरवड्याने पगार मिळत असे. तिथल्या मालकांना जे जमलं ते मुंबईच्या मालकांना का जमू नये, हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांनी वारंवार विचारला. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात पगाराची मुदत कमी करण्याच्या बाजूने कौल दिला. शेवटी १९३६ साली पगारवाटपाचा कायदा झाला. त्याने महिन्याची मुदत तशीच ठेवली, पण पगार लांबवण्याला आळा घातला. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्याने पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत आणि त्याहून मोठ्याने दहाव्या दिवसाच्या आत पैसे द्यायचे, असं ठरलं. पाच-सात दिवसांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण ज्या घरात डबा पंचवीस तारखेलाच रिकामा होई, तिथे पाच-सात दिवस म्हणजे दहा-चौदा जेवणं.

मधल्या काळात घर चालायचं वाण्याच्या वहीवर. चाळीच्या तळमजल्याला किंवा नाक्यावर वाण्याचं दुकान असे. कामगाराची ओळख मुकादमाने नाहीतर गाववाल्याने करून द्यायची, मग खातं उघडलं जाई. पगाराला पैसे चुकते करायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उधारी. उधारीवर घेणाऱ्याला भाव जरा चढाच लागायचा, मापात थोडं कमी पडायचं आणि खडे-किडीच्या धान्याबद्दल तोंड उघडता येत नसे. रोख पैसे असणारा दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. खातेदार कुठे जाणार? पोतंभर धान्य एकदम घेणाऱ्याला शेराचा भाव कमी पडतो आणि चार आण्यांचं धान्य रोज घेणाऱ्याला तो सगळ्यात जास्त पडतो, हा बाजाराचा नियम गिरणगावाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला.

वाण्याला खलनायक करून विषय मिटवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतले गिरण्यांचे मोठमोठे संप महिनोन्‌महिने चालले. १९२८चा तर सहा महिने चालला. तेव्हा कामगार-कुटुंबांना तगवण्यात वाण्याच्या उधारीचा मोठा हात होता. वाण्याने हात आखडला की संपाचे पाय लटपटू लागत, हे मालकांनाही ठाऊक होतं आणि युनियनलाही. वाण्याचं गणित सरळ होतं. आत्ता उधारी तोडली तर आधीची बाकी बुडणार; दिली तर निदान संप मिटल्यावर वसूल होण्याची आशा.

वाण्याच्या पलीकडे सावकार आणि पठाण. शिरासच्या पाहणीत ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि सरासरी कर्ज अडीच महिन्यांच्या कमाईएवढं होतं. व्याजाचा रूढ दर वर्षाला ७५ टक्के. बोलताना कुणी एवढा आकडा घेत नसे. ‘रुपयाला आणा’ म्हणायचं, म्हणजे रुपयामागे महिन्याला एक आणा. ऐकायला किती हलकं! पण सोळा आण्यांच्या रुपयावर बारा महिन्यांत बारा आणे व्याज चढे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राहिलेला पठाण ही गिरणगावाच्या आठवणींतली ठरलेली आकृती आहे. कैद्यापेक्षा कमी खाणाऱ्या माणसाच्या ताटातला घास इथेही जात होता.

एकट्या पुरुषांचं काय? मुंबईत तेव्हा बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास होती. बायकामुलं गावी, शेतीचा तुकडा सांभाळायला. पुरुष इथे, एका खोलीत दहा-वीस-तीस जण पाळीपाळीने झोपणारे. रात्रपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर दिवसपाळीवाला आडवा होई. अशा खोलीत चूल मांडायची कुणी आणि कुठे? या अडचणीतून खानावळ निघाली. घरगुती, एका बाईच्या जिवावर चालणारी, दारावर पाटीसुद्धा नसलेली.

तिच्या कामाची रीत बघण्यासारखी होती. चाळीतली दहा बाय बाराची खोली. पहिल्या पाळीचा भोंगा सातच्या आत, म्हणून बाई पहाटे तीन-चारला उठून शेगडी पेटवणार. नळ ठरावीक वेळेलाच यायचा, त्यामुळे आधी पाण्याची पिंपं भरून घ्यायची. मग परातभर पीठ. घाटावरच्या मेंबरांना, म्हणजे महिन्याच्या गिऱ्हाइकांना, भाकरी लागे, कोकणातल्यांना भात आणि माशाचं कालवण; म्हणून खानावळीही गावागावाच्या, तालुक्यातालुक्याच्या आणि अर्थातच जातीजातीच्या असत. डबे गिरणीत पोचवायचे, दुपारच्या पाळीची पंगत उठवायची, भांडी घासायची आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायचं. पंधरा-वीस मेंबर, दोन वेळचं जेवण, रविवारी मटण किंवा मासे. मेंबर गावी गेला किंवा आजारी पडला, तर तेवढ्या दिवसांचा ‘खाडा’ धरायचा आणि बिलातून वजा करायचा. बाईला बहुधा लिहिता येत नसे. खाडे भिंतीवर कोळशाच्या रेघांनी किंवा नुसत्या स्मरणाने लक्षात ठेवले जात, आणि त्यावरून पगाराच्या संध्याकाळी हुज्जतही होई.

हे जेवण स्वस्त का पडायचं? धान्य आणि कोळसा एकदम घेतल्याने थोडी बचत होई, हे एक कारण. मोठं कारण असं की बाईच्या कामाचे तास बिलात धरलेच जात नसत. नवरा आजारी पडलेला, कामावरून काढलेला, नाहीतर वारलेला, पोरं पदरात, अशा बाईने स्वतःच्या आणि मुलांच्या दोन घासांसाठी चौदा-सोळा तास राबायचं, त्यावर शहराचं स्वस्त जेवण उभं होतं. शिवाय भांडवल तिचंच. मेंबर महिन्याने पैसे देणार, म्हणून ती वाण्याकडून उधारीवर माल उचलणार, वाणी घाऊक व्यापाऱ्याकडून. गिरणीमालकाने पगार दहा दिवस लांबवला की त्या दहा दिवसांचं व्याज या साखळीत खाली झिरपत अखेर परातीपुढे बसलेल्या बाईच्या अंगावर येई. मुंबईच्या गिरणी मालकांना महिनाभर बिनव्याजी भांडवल पुरवणाऱ्यांत या बायकाही होत्या, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हा सगळा खेळ एका झटक्यात बदलला. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. मुंबई प्रांत धान्याच्या बाबतीत स्वतःच्या पायांवर कधीच उभा नव्हता. भाव भडकले, दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या. २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. देशातल्या मोठ्या शहरांत संपूर्ण रेशनिंगचा पहिला मान मुंबईचा. पुरवठ्याचं काम पाहणारे ए. डी. गोरवाला हे कडक शिस्तीचे सनदी अधिकारी होते. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने सुमारे तीस लाख माणसं मेली. कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरत असताना मुंबईत गरीब आणि श्रीमंत दोघांनाही कार्डावर माणशी ठरलेलं धान्य ठरलेल्या भावाने मिळत होतं. मुंबईच्या रेशनिंगला नावं ठेवणाऱ्यांनी ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीत.

रेशनच्या धान्याला वास येई, तांदळात खडे असत, साखरेसाठी तासन्‌तास उभं राहावं लागे. हे सगळं खरं. पण ‘रेशनकार्ड’ हा शब्द तेव्हा मराठी घरात शिरला तो कायमचा. मुंबईत आजही सरकारी पाटीवर ‘अधिकृत शिधावाटप दुकान’ लिहिलेलं असतं आणि त्याखाली उभी असलेली बाई मात्र ‘रेशन आलं का हो?’ असंच विचारते. पुढे कार्ड धान्यापेक्षा पत्त्याचा पुरावा म्हणूनच जास्त वापरलं गेलं. शाळेचा दाखला, गॅसची नोंदणी, झोपडीचा पुरावा, सगळीकडे कार्ड.

रेशनिंगने भाव बांधला. एक गोष्ट मात्र त्याला करता आली नाही. रेशनचं दुकान रोखीचं. कोटा सुटला त्या दिवशी हातात पैसे नसतील, तर तो पुढच्या वेळी मागता येत नसे. वाणी महाग देत होता, पण महिन्याअखेरीस देत होता. सरकार स्वस्त देत होतं, पण पैसे मोजल्यावरच. म्हणून एकाच घरात दोन्ही चाललं: पगाराच्या आठवड्यात रेशन आणि पंधरा तारखेनंतर वाणी. कार्ड गहाण टाकून उचल घेणारेही होते. पैसेवाला दुसऱ्याच्या कार्डावरची साखर आणि गहू उचलत असे. कार्डवाल्याला चार पैसे रोख मिळत. यातली लबाडी उघड आहे. पण भुकेल्या घराला स्वस्त धान्यापेक्षा हातातली रोकड का मोलाची वाटावी, हा प्रश्न कचेरीत बसून सुटण्यातला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहाने १९४७च्या डिसेंबरात नियंत्रणं उठवायला सुरुवात झाली. भाव कडाडले आणि १९४८ सालीच सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. पुढची वीस वर्षं कधी नियंत्रण, कधी मोकळीक, आणि १९५६च्या करारानंतर अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखाली आलेला गहू.

मग १९७२. महाराष्ट्राचा तो दुष्काळ अजून जिवंत माणसांच्या आठवणीत आहे. लागोपाठ पाऊस हुकला, विहिरी आटल्या आणि खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या, तलावांच्या कामांवर लाखो माणसं आली. रेशनवर आला तो लाल मिलो. ही परदेशी ज्वारीच, पण भाकरी थापली तर चिरायची, चवीला जनावरांच्या खाद्यासारखी. ती खाऊन दिवस काढलेल्या पिढीला पुढे कुणी ‘मिलो’ नुसता उच्चारला तरी तोंड वाकडं करावंसं वाटे. मुलांना सुकडी मिळाली. या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारी १९७९ रोजी तो लागू झाला. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पगाराच्या चिठ्ठीत तो आजही कापला जातो आणि तो कशासाठी सुरू झाला हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

शहरात याच वेळी बायका रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या कार्यकर्त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. साखर, तेल, रॉकेल दुकानातून गायब आणि काळ्या बाजारात हजर, असे ते दिवस. बायकांनी हातात लाटणी घेतली, थाळ्या बडवल्या, मंत्र्यांना घेराव घातले, साठेबाजांच्या गोदामांवर चालून गेल्या. ज्या बायका कधी चाळीच्या फाटकाबाहेर सभेला गेल्या नव्हत्या, त्या लाटणं घेऊन मोर्च्यात आल्या, कारण पंचवीस तारखेनंतरचा हिशेब घरात त्याच करत होत्या. समितीचं काम आणीबाणीने मोडलं.

खानावळवाल्या बाईकडे मात्र अजून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. १९७४च्या सुरुवातीला गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. कामगाराचा पगार बंद, तरी मेंबर जेवायला येतच राहिले आणि बायका वाढत राहिल्या. काहींनी भांडी, काहींनी मंगळसूत्र गहाण टाकलं. संपात पुढाऱ्यांची नावं झाली. संप ज्यांच्या भाकरीवर चालला त्यांच्या वाट्याला वाण्याची बाकी आली. हे ज्यांनी जवळून पाहिलं त्या प्रेमा पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात पायाला गोळी लागलेल्या, आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. या बायका कामगारच आहेत, पण त्यांची युनियन नाही, हे त्यांनी ओळखलं. १९७५ साली चौदा बायकांपासून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं.

पहिली मागणी पैशाची होती, दानाची नव्हे. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबांना चार टक्क्यांनी कर्ज देण्याची योजना १९७२पासून होती. पण खानावळवाल्या बाईला बँकेच्या दारात उभं कोण करणार? तिच्याकडे ना तारण, ना सही. मंडळाने बायकांचे गट केले, एकीची हमी दुसरीने घेतली आणि बँक ऑफ बडोदाने कर्जं दिली. वर्षाला ७५ टक्क्यांच्या जगातून बाई एकदम बँकेच्या व्याजात आली. धान्य रोखीने, घाऊक भावाने घेता येऊ लागलं. उधारी सुटली तशी तिची तोंड बंद ठेवण्याची सक्तीही सुटली. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात कर्जवाटपाचा प्रयोग सुरू केला तो १९७६ साली. त्याचं जगभर कौतुक झालं, ते रास्तच. पण अहमदाबादची सेवा बँक १९७४ची आणि गिरणगावातल्या या चौदा बायका १९७५च्या, हे मराठी वाचकाने तरी ध्यानात ठेवावं. पुढे मंडळाच्या सभासद हजारोंच्या घरात गेल्या आणि २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

त्याच काळात मध्यमवर्गाने आपला मार्ग काढला. नायगावात १९४८ साली सुरू झालेल्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेतून पुढे ‘अपना बाजार’ झाला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली; तिच्या संस्थापकांत संगीतकार सुधीर फडके होते. दहा-बारा कुटुंबांचा गट करायचा, महिन्याची यादी आणि पैसे आधी द्यायचे, माल घाऊक भावात घ्यायचा आणि एकाच्या घरी वाटून घ्यायचा. फार चांगली कल्पना, आजही चालते. पण ‘पैसे आधी’ या दोन शब्दांत ती कुणासाठी आहे हे ठरून जातं. ज्याच्या घरात महिन्याचे पैसे महिन्याआधी असतात, त्याला धान्य स्वस्त पडतं. चाळीतल्या मास्तरांना ते जमलं. शेजारच्या बदली कामगाराला जमलं नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिले काही महिने वाण्यांनी उधारी दिली, खानावळींनी वाढलं, गावाहून तांदळाची पोती आली. मग एकेकाने हात टेकले. मेंबर गावी गेले आणि त्यांची थकबाकीही त्यांच्याबरोबर गेली. गिरण्या गेल्या तशा भोंग्याच्या तालावर चालणाऱ्या खानावळीही मोडल्या. काही कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. उभ्या उभ्या, रोखीने, खातं नसलेलं जेवण हे मुंबईच्या नव्या असंघटित मजुराचं जेवण झालं.

१९९५ साली शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. घोषणा लोकांना आवडली यात नवल नाही. कार्ड नको, दाखला नको, रुपया टाका आणि खा. पण रुपयात झुणका-भाकर होत नाही. फरक सरकार अनुदानाने भरणार होतं आणि केंद्रचालकाला मोक्याच्या जागी स्टॉल मिळणार होता. झालं असं की जागा टिकली आणि झुणका गेला. स्टेशनाबाहेरच्या त्या स्टॉलवर वडे, डोसे, चायनीज तळलं जाऊ लागलं आणि पाटी तेवढी झुणका-भाकरीची राहिली. पुढच्या सरकारने २०००च्या सुमारास अनुदान बंद केलं. योजनेचा हेतू वाईट नव्हता, पण अनुदानापेक्षा जागेची किंमत जास्त असलेल्या शहरात ती दुसऱ्या वाटेने जाणार हे समजायला अर्थशास्त्री लागत नव्हता.

रेशनमध्येही याच सुमाराला मोठी फूट पडली. १९९७ साली केंद्राने लक्ष्यनिर्धारित व्यवस्था आणली, म्हणजे गरिबाला वेगळा भाव, इतरांना वेगळा. महाराष्ट्रात १९९९पासून पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डं आली. १९४३च्या रांगेत कारकून आणि हमाल एकामागे एक उभे असत. आता कारकुनाने दुकानाकडे पाठ फिरवली आणि दुकानदाराला जाब विचारणारी माणसं कमी झाली. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरड धान्य एक रुपया. २०२३च्या जानेवारीपासून तेही मोफत आहे. महाराष्ट्रात सुमारे सात कोटी लोक या कायद्याखाली येतात. मात्र केशरी कार्डवाल्याला त्यात घेण्यासाठी शहरात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली ५९ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. एवढ्या पैशात मुंबईत झोपडीचं भाडं भागत नाही. नियम तंतोतंत पाळला तर शहरातला एकही रोजंदार माणूस बसणार नाही; म्हणून दाखला ‘काढावा’ लागतो, आणि ज्याला काढता येत नाही तो बाहेर राहतो.

कार्ड पत्त्याला बांधलेलं असणं हाही जुनाच घोळ. २०१९च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात कार्ड दोन्ही राज्यांत चालण्याची सोय सुरू झाली आणि मग ती देशभर पसरली. १९२१ सालच्या रत्नागिरीकराला हवी होती ती सोय शंभर वर्षांनी आली.

२६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात. थाळीची किंमत सरकारने शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली. दहा रुपये गिऱ्हाइकाने द्यायचे, बाकीचे सरकारने. दोनच महिन्यांत कोरोना आला. थाळी पाच रुपयांची झाली, आणि २०२१च्या एप्रिलपासून काही काळ फुकट. रस्त्यावर अडकलेल्या मजुराला, रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकाला तिने खरोखर जगवलं. झुणका-भाकरीपेक्षा ही योजना नक्कीच बरी बेतलेली आहे. खर्च उघड धरलेला आहे आणि केंद्र चालवणाऱ्यांत छोट्या खानावळी, बचत गट आहेत.

पण इथेही जुनं दुखणं निघालंच. गिऱ्हाइकाचे दहा रुपये रोज येतात, सरकारचे चाळीस मात्र महिन्याने. आणि अनुदान महिनोन्‌महिने थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांनी वेळोवेळी केल्या आहेत. तोवर तांदूळ, डाळ, तेल आणि गॅस केंद्र चालवणाऱ्या बाईने कुठून आणायचा? वाण्याकडून, उधारीवर. १९३६च्या कायद्याने गिरणीमालकाला पगारासाठी दहा दिवसांची मुदत घालून दिली होती. सरकारने दुसऱ्या कुठल्या नव्या थाळीची घोषणा करण्याआधी तीच मुदत स्वतःला लावून घ्यावी आणि प्रत्येक केंद्राचं बिल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत चुकतं करावं.